बुरकुंडाच्या बुचांची होडी

फ्रोसिनाची होडी बुडाली ती मंगळवारी सकाळी, धक्क्याला बांधलेल्या जागी, आत कुणी नसताना. वादळ नाही, धडक नाही. फ्रोसिना दालचिनीची कॉफी घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत होडीनं एक लांब सुस्कारा सोडला, चार बुडबुडे काढले आणि दिवसभर राबलेली बाई खुर्चीत बसावी तशी ती कालव्याच्या तळाशी जाऊन बसली. वर राहिलं ते नुसतं निळं नाक.

“गेली,” फ्रोसिना म्हणाली.

“कोण गेली?” आतून धाकटी बहीण क्लोती ओरडली. “मला काळे कपडे धुवायला हवेत का?”

“होडी गेली.”

क्लोती फेसाळ हातांनी बाहेर आली, निळ्या नाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सुटली बिचारी. लासारोच्या मागोमाग जायचं म्हणत होती, तू डांबर फासून फासून अडवून धरली होतीस.” मग तिचे ओले हात एकदम गालांवर गेले. “अगं बाई! शनिवारी!”

फ्रोसिनाच्या मनात शनिवार आधीच येऊन उभा होता.

शनिवारी बाळदेव येणार होता. तेपेतितलाचा बाळदेव लाकडाचा, हातभर उंचीचा, गालांवर लाली, आणि ओठ असे की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आलाय. सोचिमिल्कोच्या कालव्यांमधल्या या वाडीत तो रोज एका घरी जातो. जेवतो, अंगाई ऐकतो, झोपतो आणि सकाळी परत निघतो. वर्षाचे दिवस तेवढीच घरं आणि वाडीत घरं उदंड, त्यामुळे मुलगी जन्मली की यादीत नाव घालावं आणि तिच्या लग्नाच्या सुमारास पाळी यावी, असा हिशेब. फ्रोसिना आणि तिचा नवरा लासारो, दोघांनी नाव घातलं होतं ते मूल होत नाही हे कळल्यावर. पाळणा तेव्हाच आणून ठेवलेला. आता त्यात कांदे असत. लासारो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव दोघांचं होतं आणि पाळी आली होती. एका रात्रीपुरतं का होईना, तिच्या घरात मूल झोपणार होतं.

पण बाळदेवाला आणायची रीत कडक. यजमानानं आपल्या घरच्या होडीतून आणायचं, उसन्या होडीतून नाही. होडीवर फुलांची कमान हवी आणि तिच्यावर घराचं नाव. आणि निघालेली होडी ज्या काठाला पहिल्यांदा टेकेल, त्या काठी बाळदेव उतरणार, मग ते घर कुणाचंही असो. फ्रोसिनाला जमलं नाही, तर पाळी पुढच्या घराची. आणि पुढचं घर होतं शेजारच्या एर्मेलिंदाचं. तिच्या थोरल्या मुलाला, नाबोरला, बाप्तिस्म्याला फ्रोसिनानंच हातांवर धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत आणि त्या एका शब्दात हवं ते सगळं मिसळत, मधापासून मिरचीपर्यंत.

एर्मेलिंदा कुंपणापलीकडून म्हणाली, “ऐकलं मी, कोमाद्रे. फार वाईट झालं हो. मी आपल्या चादरी धुवून इस्त्री करून ठेवल्यात. म्हटलं, असू द्याव्यात हाताशी.”

“असू द्या,” फ्रोसिना म्हणाली. “तुम्हालाच झोपायला होतील.”

पण कॉफी तशीच ठेवून ती धक्क्यावर जाऊन पाय पाण्यात सोडून बसली. होडी बुडाली होती त्या जागी एक रिकामी दोन लिटरची बाटली तरंगत होती, वरच्या अंगाच्या कुठल्यातरी सहलीवाल्यांनी फेकलेली, पिवळं बूच घट्ट लावलेली. फ्रोसिनानं रागानं तिला पायाच्या अंगठ्यानं दाबलं. बाटली टुणकन वर आली. टाचेनं दाबलं. टुणकन वर आली. तिनं दोन्ही पायांनी, सगळ्या दुःखासकट दाबलं. बाटली तिच्या पायांमधून निसटली आणि अशी उडाली की पाण्याचा फवारा थेट तोंडावर.

फ्रोसिना तोंड पुसायचीही विसरली.

“क्लोती,” तिनं हाक मारली, “तुझ्या स्वयंपाकघराची जुनी दारं अजून आहेत ना?”

“आहेत. का?”

“आपल्याला होडी झाली.”

आता फ्रोसिना काही बाटल्या फेकणाऱ्यांतली नव्हती. तिच्या घरी बाटली आली की तिचा जन्म नव्यानं सुरू व्हायचा. बूड कापलं की त्यात नाताळच्या लाल फुलांची रोपं. मान कापली की नरसाळं. उभी चिरली की कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं. भोकं पाडून उलटी टांगली की मिरचीला थेंब थेंब पाणी. तळाच्या पाच पाकळ्या कापून मेणबत्तीच्या आचेवर धरल्या की त्या वळून खरोखरीचं फूल व्हायचं. क्लोती म्हणायची, “उद्या मी मेले तर ही मलासुद्धा कापून माझ्यात कोथिंबीर लावेल.” पण इतक्या बाटल्या एकदम, आणि माणसं वाहायला? हे काही तिनंही कधी केलं नव्हतं.

पलीकडच्या धक्क्यावरचा होडीवाला ताचो ऐकून इतका हसला की त्याला आपल्या होडी रेटायच्या वेळूचा आधार घ्यावा लागला. ताचो विधुर, मिशाळ, आणि फ्रोसिनाच्या फुलांची ने-आण करताना कालव्यातला सगळ्यात लांबचा रस्ता पकडणारा. “डोन्या फ्रोसिना, माझी होडी न्या की! रंगरंगोटी केलेली आहे. नाव बदलून तुमचं लावू.”

“ती माझ्या घरची नाही, दॉन ताचो.”

“घरची करायचे मार्ग असतात,” ताचो मिशीत म्हणाला.

“शनिवारच्या आत?” क्लोती मध्येच बोलली. “पाद्रीबाबाला एवढी घाई झेपायची नाही.”

ताचो लाल झाला, दुसऱ्या दिवशी गुपचूप एक पोतं बाटल्या घेऊन आला, आणि मग पोत्यांची रीघच लागली. बातमी कालव्यातून बदकांसारखी पोहत गेली. तळणीवाल्यांनी तेलाच्या बाटल्या दिल्या. शाळेनं सरबताच्या दिल्या. एका म्हातारीनं तर पलंगाखाली जपलेल्या आणल्या आणि प्रत्येकीचा मुका घेऊन निरोप दिला. फ्रोसिनानं पाळण्यातले कांदे ओट्यावर ओतले, मळ्यातल्या लाल जाळीच्या पिशव्या होत्या नव्हत्या तेवढ्या रिकाम्या केल्या आणि त्यांत बाटल्या भरल्या. दोन दारं शेजारी शेजारी जोडली, त्यांच्या पोटाखाली त्या पिशव्या दोरखंडानं आवळल्या. तीन दिवस अंगणात खडखड, टकटक, हाहाहीही. शुक्रवारी सकाळी होडी उभी राहिली. म्हणजे तिला होडी म्हणायला मन मोठं हवं होतं. लाल जाळीतून काचेसारखी चमकणारी ती वस्तू उन्हात एखाद्या प्रचंड डाळिंबासारखी दिसत होती.

“ढकला!” फ्रोसिना म्हणाली.

ताचोनं ढकलली. क्लोतीनं ढकलली. कुंपणावरून बघणाऱ्या एर्मेलिंदानं मान पुढे केली, तेवढीच तिची मदत. होडी पाण्यात शिरली, दिमाखात तरंगली, आणि मग आवाज सुरू झाला.

गुडुक. गुडुक गुडुक. गुडगुडगुडगुड.

शेकडो तोंडांनी होडी कालवा प्यायला लागली.

“तहान तर बघा हिची!” एर्मेलिंदा म्हणाली.

तिघांनी दोर धरून तिला कशीबशी काठावर ओढली, आणि कुणालाच कळेना काय झालं. फ्रोसिनानं एक बाटली काढली. पाणी भरलेली. दुसरी. भरलेली. मग ती त्या बाटल्यांच्या तोंडांकडे नीट बघायला लागली.

एकीलाही बूच नव्हतं.

चर्चसमोरच्या अंगणात माणसाहून उंच, लोखंडी जाळीचा लाल बदाम उभा आहे. तेपेतितलात बाटली उघडली की बूच बदामात जातं. पाणी प्यायच्या आधी हात खिशाकडे जातो, रविवारी बुचं बदामात पडतात, ती विकून आजारी लेकरांची औषधं येतात. पोरं बोलायला शिकायच्या आधी हे शिकतात. त्यामुळे तेपेतितलातली बाटली म्हणजे बिनबुचाची. तीन दिवस वाडीतल्या माणसांनी शेकडो बाटल्या हाताळल्या, पुसल्या, जाळ्यांत भरल्या, आणि एकाच्याही डोळ्याला काही उणं दिसलं नव्हतं. बुचासकट बाटली दिसती तर मात्र सगळ्यांनी बोट दाखवलं असतं.

क्लोती हळूच म्हणाली, “बदाम काठोकाठ भरलाय. पाद्रीबाबा दुपारी झोपतात.”

“क्लोतिल्दे.”

“एका दिवसापुरतं! सोमवारी परत ओतू.”

“सोमवारी गाडी येते न्यायला. आणि कमी पडली तर?” फ्रोसिना म्हणाली. “एका लेकराच्या तोंडचं काढून दुसऱ्या लेकराला घरी आणू? तो येईल का माझ्याकडे? आला तरी तोंड फिरवून झोपेल.”

ओल्या बाटल्यांवरून उन्हाचे ठिपके पळत होते. पलीकडच्या शेतात लाल फुलांचे वाफेच्या वाफे पेटले होते, जणू जगात काही बिघडलेलंच नव्हतं. फ्रोसिना पायरीवर बसली. ती रडत नव्हती, पण तिच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं, आणि ते बघणं रडण्याहून वाईट होतं.

ताचोला तर ते मुळीच बघवेना. तो आपल्या होडीत गेला, पुल्केच्या फेसाळ दारूचा मातीचा बुधला घेऊन आला आणि म्हणाला, “एक घोट घ्या, डोन्या फ्रोसिना. दुःख ओलं केलं की वाकतं तरी.” आणि त्यानं बुधल्याचं बूच उपटलं. पक्क!

फ्रोसिनाची नजर त्याच्या हातावर खिळली.

“हे काय आहे?”

“पुल्के. परवाचीच आहे, गोड—”

“हातात! हातात काय आहे?”

ताचोनं हाताकडे पाहिलं. हातात होतं ते सोचिमिल्कोतल्या प्रत्येक बुधल्याच्या तोंडात असतं तेच. दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड.

फ्रोसिनानं ते हिसकावलं, एका बाटलीच्या तोंडात घातलं, पिरगाळलं, आणि बाटली उलटी करून ताचोच्या डोक्यावर धरली. ताचोनं डोळे मिटले. एक थेंब पडला. मग एकही नाही.

“मक्का!” फ्रोसिना किंचाळली. “क्लोती, उद्याच्या पोसोलेचा मक्का!”

उद्याच्या पाहुण्यांसाठी मक्याच्या रश्श्याचं पोसोले शिजायचंच होतं. पोतंभर वाळलेली कणसं छपराला टांगलेली होती, संध्याकाळपर्यंत सोलून चुन्याच्या पाण्यात टाकायची होती. ती सगळी खाली आली. पुरणार नव्हती, म्हणून ताचो वेळू मारत घरोघर गेला आणि ओरडत सुटला, “दाणे तुमचे, बुरकुंड आमचं!” आणि दुपारपर्यंत फ्रोसिनाच्या अंगणात बायका अशा जमल्या जशा नदीवर बगळ्या. मांडीवर कणसं, पुढ्यात सुपं. दाणे पावसासारखे पडत होते, बुरकुंडांचा एका बाजूला ढीग होत होता. क्लोतीनं घराघरातल्या मेणबत्त्यांची थुटकं वितळवायला ठेवली होती. बुरकुंड दाबायचं, वरून मेणात बुडवायचं, फुंकर घालायची, पुढची बाटली.

एर्मेलिंदा बराच वेळ कुंपणाशी उभी होती. मग कुंपणाच्या आत उभी होती. मग बसलेली होती.

“मी मदत करत नाहीये हं,” तिनं जाहीर केलं. “माझे हात रिकामे राहत नाहीत, तेवढंच.”

आणि हातांबरोबर गळाही तिला रिकामा ठेवता येत नसे. कणसं सोलताना एकीनं टाकायचं आणि दुसरीनं झेलायचं, हा तिथला खेळ. तिनं पहिलं टाकलं:

*“होडी बाटल्यांची हिची, हिला बुरकुंडाची बुचं,*
*बाळ उतरे माझ्या घरी, फ्रोसी तळाला गं पोच!”*

बायकांनी सुपं बडवली. सगळ्यांची तोंडं फ्रोसिनाकडे. फ्रोसिनानं कणीस सोलणं न थांबवता, डोळे न उचलता परत केलं:

*“धुवून ठेव तू चादरी, कर इस्तरी कडक,*
*बाळ येई माझ्या दारी, तुझ्या गादीत बेडूक!”*

हसता हसता एका म्हातारीचे दात सुपात पडले आणि ते मक्यातून शोधायला तीन बायका लागल्या. “सापडले नाहीत तर पोसोलेच आपणहून चावेल,” क्लोती म्हणाली. सापडले तेव्हा पुन्हा टाळ्या. मग कुणीतरी फ्रोसिनाला म्हणालं, आणखी एक घे, आणि तिनं आवाज जरा खाली आणून गायलं:

*“सोन्याचा गं दाणा दाणा पोटासाठी सोडविते,*
*हलकं हलकं हाड त्याचं बाळासाठी मी जोडिते.”*

त्यावर कुणी सुपं बडवली नाहीत. एर्मेलिंदानं कणीस हातात फिरवलं, एकही दाणा न काढता, आणि मग एकदम म्हणाली, “मेण पातळ झालंय. कुणाचं लक्ष आहे का इकडे?”

संध्याकाळी होडी पुन्हा पाण्यात ढकलली. सगळ्या बायका श्वास रोखून ऐकत राहिल्या.

गुडुक आलं नाही.

शनिवारी दुपारी कमान चढली. बाटल्यांच्या बुडांची फुलं, नखांच्या रंगानं रंगवलेली, लाल, गुलाबी, एक क्लोतीच्या हट्टापायी जांभळं. मधोमध ‘एउफ्रोसिना आणि लासारो’. चर्चच्या धक्क्यावर बाळदेवाचा त्या वर्षीचा मानकरी, दॉन क्रेसेन्सियो, पांढऱ्या हातमोज्यांत बाळदेवाला धरून उभा होता. मागे पितळी वाद्यांचा ताफा, आकाशात रॉकेटांचे बार. त्यानं होडीकडे पाहिलं, होडीखाली पाहिलं, मग फ्रोसिनाकडे पाहिलं.

“डोन्या एउफ्रोसिना, ही होडी आहे?”

“तरंगते, दॉन क्रेसेन्सियो.”

“बदकही तरंगतं.”

“घरची आहे,” फ्रोसिना म्हणाली. “कमान आहे. नाव आहे. रीतीत आणखी काही सांगितलंय का?”

दॉन क्रेसेन्सियोनं रीत मनात वरपासून खालपर्यंत तपासली. होडी लाकडाची असावी असं कुणी कधी म्हणून ठेवलेलं नव्हतं, कारण म्हणावं लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यानं उसासा टाकला, क्रूस केला आणि पाऊल ठेवलं.

होडीनं त्याला हलकेच वर उडवलं.

“आई गं!” मानकरी म्हणाला आणि बाळदेवाला छातीशी धरून मटकन बसला.

कारण होडी नव्हतीच ती, गादी होती. शेकडो बाटल्यांत कोंडलेला श्वास लाथ मारत होता. ताचो वेळू घेऊन मागे चढला, फ्रोसिना मध्ये, आणि रीतीप्रमाणे पुढे एक चिनेलो हवा, मखमली झगा घालून, वर वळलेल्या दाढीचा मुखवटा लावून बाळदेवापुढे नाचणारा. तो होता एर्मेलिंदाचा नाबोर. ताफ्यानं सूर धरला, नाबोरनं पहिली उडी मारली, आणि तो खाली आला तसा परत वर गेला.

“नाबोर, जरा सावकाश!” फ्रोसिना म्हणाली.

“मी नाही मारत, आई!” मुखवट्यातून आवाज आला. धर्माच्या आईला तो आईच म्हणे. “हीच मारतेय!”

तो वर गेला की होडीचं नाक वर, खाली आला की शेपूट वर. शेपटीवर ताचो. दोघं आलटून पालटून आभाळाकडे जात होते, आणि मध्ये दॉन क्रेसेन्सियो देवाला कवटाळून ठिकरीसारखा उडत होता. काठावरची माणसं टोप्या फेकत होती. सहलीवाल्यांच्या होड्या थांबल्या. एका होडीतल्या गाणाऱ्यांनी आपलं प्रेमभंगाचं गाणं अर्ध्यावर सोडून ताफ्याची चाल उचलली. आणि फ्रोसिना हसत होती. ओठ दाबून, मग न दाबता, मग पोट धरून. तिला आठवेना, हे हसू शेवटचं कधी वापरलं होतं.

तेवढ्यात होडी गरगर फिरायला लागली.

सपाट दारं, खाली गुळगुळीत बाटल्या. ताचोनं डावीकडे वेळू मारला की ती उजवीकडे गिरकी घेई, उजवीकडे मारला की दोन गिरक्या. चर्चचा मनोरा समोरून गेला, लाल फुलं गेली, परत मनोरा आला.

“ताचो, सरळ!”

“सरळ म्हणजे कुठं? मला दर घटकेला नवीन दिशा मिळतेय!”

“खोडकर आहे आज,” काठावरच्या बायका कौतुकानं म्हणाल्या. “त्याला भोवरा हवा होता.”

पण बाळदेवाच्या भोवऱ्याला वारा लागला होता. फ्रोसिनाचं शेत डावीकडे होतं, एर्मेलिंदाचं समोर उजवीकडे; कालवा संपे तिथं, मागच्या बाजूला, दोघींचं कुंपण एक होई. होडी गिरक्या घेत, घेत, उजव्या काठाकडे सरकत होती, आणि उजव्या काठाला, फुलांनी सजवलेल्या धक्क्यावर, झाडू हातात घेऊन एर्मेलिंदा उभी होती.

फ्रोसिनाचं हसू जागच्या जागी थांबलं. ताफाही एकेक वाद्य करत थांबला, कारण रीत सगळ्यांना ठाऊक होती. टेकली की संपलं. ताचोनं वेळू तळात रोवला. तो गाळात रुतला आणि तिथंच राहिला. ताचोच्या हातात आता नुसती हवा होती. दोन हात अंतर. दीड. फ्रोसिना हात पुढे करून उभी राहिली, पण ती मध्ये होती आणि धक्का लांब होता. एर्मेलिंदाला फक्त उभं राहायचं होतं. काहीच करायचं नव्हतं. वारा तिच्या बाजूचा, रीत तिच्या बाजूची, इस्त्रीच्या चादरी आत अंथरलेल्या.

एर्मेलिंदानं कोमाद्रेच्या तोंडाकडे पाहिलं.

“अगं, इकडे कुठं!” ती ओरडली. “माझ्या चादरी ओल्या आहेत!”

आणि तिनं झाडू होडीच्या कडेला लावून सगळ्या अंगानं रेटलं. होडी थबकली. मागे सरली. झाडू तिच्याबरोबर सरला, झाडूबरोबर एर्मेलिंदा सरली. एक पाय धक्क्यावर, दुसरा कुठं ठेवावा याचा विचार करायला वेळ नाही, म्हणून तो होडीवर. दोन पायांमधला कालवा रुंद, रुंद, रुंद होत गेला.

“आई, उडी!” नाबोर ओरडला.

एर्मेलिंदा उडाली. फुलाफुलांचा झगा हवेत छत्रीसारखा उघडला आणि ती होडीच्या मागच्या कोपऱ्यात अशी येऊन बसली की दॉन क्रेसेन्सियो हातभर वर गेला, बाळदेव त्याच्या हातांत हातभर वर गेला, आणि दोघं नीट खाली आले. पाण्याचा एक पडदा सगळ्यांवरून गेला.

आणि होडी फिरायची थांबली.

सगळे वाट बघत राहिले. नाही फिरली. मागचा कोपरा जड झाला होता, नाक सरळ डावीकडे, फ्रोसिनाच्या शेताकडे लागलं होतं, दोरी बांधल्यासारखं.

“कोमाद्रे,” फ्रोसिना कापऱ्या आवाजात म्हणाली, “हलू नका. तुम्ही आमचं सुकाणू आहात.”

“वजनावरून बोललात तर उतरेन मी!” एर्मेलिंदा केस पिळत म्हणाली.

“कुठं उतराल?”

मग ताफा असा फुटला की बगळे झाडांवरून उठले. ताचोनं झाडूच वल्ह्यासारखा धरला आणि तो मारत सुटला. नाबोर परत उडायला लागला. मानकरी भिजलेल्या हातमोज्यांनी ताल धरत होता, आणि आपण ताल धरलाय हे त्याला ठाऊक नव्हतं. एर्मेलिंदा सुकाणूच्या जागेवरून हुकूम सोडत होती, “डावीकडे! अहो, तुमची डावी!” काठावरून पोसोलेचा वास पुढे यायला निघाला होता, आणि क्लोती धक्क्यावर दोन्ही हात हलवत, हसत, रडत, ओरडत होती. काय ओरडत होती ते कुणाला ऐकू आलं नाही.

होडी फ्रोसिनाच्या काठाला टेकली. हलकेच. दाराला मांजर घासतं तशी.

दॉन क्रेसेन्सियो उठला, चाचपडला, आणि त्यानं बाळदेवाला फ्रोसिनाच्या हातांत दिलं. आता यजमानीणबाईनं स्वागताचे शब्द म्हणायचे असतात. फ्रोसिनानं ते वर्षानुवर्षं पाठ केले होते, कणीक मळताना, रोपं लावताना. तिनं तोंड उघडलं. आत एकही शब्द नव्हता. सगळे थांबले होते. ताफ्यानं ओठ वाद्यांना लावून ठेवले होते.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. लाल गालावरून पाण्याचा थेंब ओघळत होता.

“भिजलास ना रे,” ती म्हणाली. शालीच्या टोकानं तिनं त्याचं तोंड पुसलं, मग मान, मग इवले पंजे, एकेक बोट. “चल. भूक लागली असेल.”

आणि कुणाकडेही न बघता ती वाफ्यांमधल्या पायवाटेनं घराकडे निघाली. मागून सगळी वाडी आली, पण जरा अंतर ठेवून, कारण ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती आणि ते त्या दोघांचं बोलणं होतं.

“ही तुझी क्लोती मावशी. बडबडते फार, पण चालतं. हा कोंबडा. त्याच्या जवळ जायचं नाही, टोचतो. ही मिरची, हात लावलास तर डोळे चोळायचे नाहीत. आणि हा आपला उंबरा. जपून हं.”